पाचवा वाफा

विश्वास कोणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा. पाच वर्षं खपलेल्या माणसावर, की ज्याला त्यानं धड हातही लावला नाही अशा वाफ्यावर?

मला हा प्रश्न पडला एका कारखान्याच्या मागच्या आवारात. तिथं डोंगरातून बॉक्साइट येतं, कॉस्टिक सोड्यात शिजतं आणि त्यातून पांढरी पूड निघते. तिचं पुढं ॲल्युमिनियम होतं. मागं उरतो तो तांबडा गाळ. तीस वर्षांचा साठलेला. बोटाला लावला तर साबणासारखा बुळबुळीत, आणि थोड्या वेळानं आग. त्यावर गवताची काडी उगवत नाही. उन्हाळ्यात त्याची धूळ शेजारच्या गावात तव्यावरच्या भाकरीवर येऊन बसते.

डॉक्टर हर्षवर्धन इंगवले यांनी मनावर घेतलं होतं की हा गाळ जंतूंकडून ताळ्यावर आणायचा. ते डॉक्टर माणसांचे नव्हेत, जंतूंचे. जंतूंना गोड खायला घालायचं, ते खाऊन आंबट सोडतात, आणि त्या आंबटानं गाळातला कॉस्टिकपणा उतरतो. मला कळलं ते एवढंच, आणि तेही, ते गोड माझ्या गुळाच्या दुकानातून जात होतं म्हणून. पाणी सुटलेला गूळ कोणी घेत नाही. तो मी पिंपांत भरून पाठवायचो, माझी माणसं तिथं ओतून यायची.

इंगवल्यांनी पाच वर्षं खपून जंतूंची एक खास जात वाढवली होती. तिचं नाव हर्ष-सात. लोक नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, साहेबांनी जंतूला स्वतःचं ठेवलं, असं तिथले कामगार म्हणायचे. पण म्हणायचे ते साहेब लांब गेल्यावर.

त्यांचे गुरू जिनाप्पा मगदूम. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सरकारी माती-तपासणीत त्यांचा जन्म गेलेला. इंगवले शाळेत असल्यापासून सुट्टीत त्यांच्याकडे माती चाळायला जायचे. अण्णा जैन. पाणी उकळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार. पाण्यातल्यांना मारता आणि चिखलातल्यांना गूळ घालता, अण्णा, तुमचं काही कळत नाही, अशी इंगवले चेष्टा करायचे. मलाही कळत नाही, असं म्हणत अण्णा पेला तोंडाला लावायचे.

गाळाचे सहा वाफे केले होते. पहिल्या चारांत गूळ, उसाचा भुसा आणि हर्ष-सात. पाचव्यात गूळ आणि भुसाच, जंतू सोडलेले नाहीत. सहाव्यात नुसतं पाणी. शेवटचे दोन कशाला, जागा उगाच अडते, असं इंगवल्यांचं म्हणणं होतं. अण्णांनी हट्टानं करायला लावले.

आठ महिने झाले. सोमवारी कारखान्याचे मोठे साहेब अहवाल घ्यायला यायचे होते. हर्ष-सात त्या सगळ्या गाळावर टाकायचं की नाही, ते अहवालावर ठरणार होतं. मंजूर झालं तर इंगवल्यांची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहणार होती. नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

शनिवारी सकाळी मी रिकामी पिंपं न्यायला गेलो, तेव्हा दोघं बांधावर उभे होते. पहिल्या चार वाफ्यांत वीतभर गवत आलं होतं. सहावा तांबडाच, भेगाळलेला.

पाचव्यातही गवत होतं. तेवढंच, वीतभर.

इंगवल्यांचं म्हणणं, पाचवा धरायचाच नाही. तिथं चारांतले जंतू चुकून गेलेत. वाऱ्यानं गेले असतील, नाहीतर शेठच्या माणसांनी एकच बादली सगळीकडे फिरवली असेल. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फिरवलीही असेल, मी काही तिथं उभा नव्हतो. माझ्याकडे एक अडत्या होता. गुळाची ढेप आतून काळी निघाली की गाडीवाल्याला शिव्या द्यायचा. गाडीवाले तीन बदलले, ढेपा काळ्याच निघत राहिल्या. पण हे मी त्या वेळी बोललो नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग इंगवल्यांना म्हणाले, "जरा तिकडं तोंड कर."

इंगवले वळले. अण्णांनी खाली वाकून एका वाफ्यातली मूठभर माती उचलली, मग दुसऱ्यातली. दोन्ही मुठी पुढं धरल्या.

"हं, बघ आता. यातली तुझी कुठली?"

इंगवले हसले. एका मुठीतली माती चोळली, हुंगली. दुसरीतली चोळली, हुंगली. दोन्ही भुसभुशीत. दोन्हींना आंबूस वास. खिशातून तपासायच्या कागदाच्या पट्ट्या काढल्या, माती पाण्यात कालवून त्यात बुडवल्या. गाळात बुडवली की ती पट्टी गडद निळी होते, हे मीही बघितलेलं होतं.

दोन्ही हिरव्या झाल्या. एकसारख्या.

हे काही खरं नाही, इंगवले म्हणाले, डोळ्यांनी कसं ओळखणार, त्याला आत नेऊन तपासावं लागतं.

"मग तपासलंस?"

इंगवल्यांनी पट्ट्या झटकल्या.

"हर्षा."

"गुरुवारी तपासलं."

"पाचव्यात तुझे जंतू आहेत?"

इंगवल्यांनी ओल्या पट्ट्या दुमडल्या, परत उलगडल्या.

"नाहीत."

म्हणजे माझी बादली सुटली. मी हातातलं पिंप खाली ठेवलं.

"आणि तुझ्या चारांत?"

लांब कुठंतरी कारखान्याचा भोंगा झाला. अण्णांच्या मुठी अजून तशाच पुढं होत्या. म्हातारा माणूस, पण हात खाली येत नव्हते.

"चारांतही नाहीत," इंगवले म्हणाले. "दोन महिन्यांतच मेले असावेत. तिथं दुसरेच आहेत. सहाही वाफ्यांत तेच. गाळातलेच, पहिल्यापासूनचे. सहाव्यात अगदी थोडे, निपचित पडलेले."

अण्णांनी मान हलवली. मग वाकून एक मूठ दोन नंबरच्या वाफ्यात सोडली, एक पाचव्यात. माती हातानं सारखी केली.

इंगवले बांधावरच बसले. मांडीवर अहवालाची फाइल. ती न उघडताच ते हळू आवाजात बोलू लागले. चारच वाफे दाखवले तर त्यात खोटं काहीच नाही. गवत आलंय, कॉस्टिक उतरलंय, गाव धुळीतून सुटेल. पाचवा पाहिजे तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात घालतो. साहेब लोक तिथवर वाचत नाहीत.

अण्णा बांधावरच्या नळावर हात धूत होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"पहिल्या पानावर घाल," म्हणाले.

"मग साहेब विचारतील, अण्णा. जंतू इथलेच, तर पाच वर्षं तुम्ही काय केलंत..." इंगवल्यांनी फाइल बांधावर ठेवली. "काय सांगू त्यांना?"

अण्णांनी नळ बंद केला. ओले हात धोतराला पुसले.

"सांग, इथलेच भुकेले होते, त्यांना वाढलं. आणि किती वाढलं, तेवढं खरं लिही."