बाहुलीच्या लग्नातला खोकेमामा

एकदा काय झालं... पाय आत घ्या आधी, पांघरूण सगळ्यांना पुरू दे. हं. तर एक होतं नगर आणि नगराचा होता एक राजा. राजाला नव्या वस्तूंची भारी हौस. मग राजा तशी प्रजा! घरोघरी रोज काहीतरी नवं यायचं. साबण यायचा खोक्यातून, चहा यायचा चंदेरी कागदातून, तेल यायचं डब्यातून. आतलं ठेवायचं नि रिकामं खोकं वेशीबाहेर भिरकावायचं. राजाच्या काळी चहाचा पुडा कुठला, असं मध्येच विचारायचं नाही, बरं का. गोष्टीत सगळं मिळतं.

त्या नगरात येसू नावाची एक मुलगी होती. तिची जिवाभावाची मैत्रीण अंबू. ती राहायची ओढ्यापलीकडे. अंबूचे वडील बैलगाड्या बांधायचे. गावात काम असेल तोवर राहायचं, काम संपलं की बिऱ्हाड गाडीत घालून पुढच्या गावाला. एके दिवशी अंबू आली नि म्हणाली, "येसू, परवा निघायचं गं आम्हाला."

येसूला काळजी पडली. अंबू लांब जाणार, नव्या गावात नव्या मैत्रिणी करणार, आपल्याला विसरणार. मग विचार करता करता तिला सुचलं. मैत्रीण विसरेल, पण विहीण कशी विसरेल? विहिणीला सणावाराला यावंच लागतं. नाही आली तर चारचौघी नावं ठेवतात! अंबूकडे होता बाहुला. येसूकडे होती चिंध्यांची बाहुली. झालं तर मग. उद्या गोरज मुहूर्तावर लग्न. परवा अंबू जाईल ती विहीण होऊनच जाईल.

मग येसू अक्षत घेऊन आमंत्रणाला निघाली. गणपतीला अक्षत दिली, मारुतीला दिली, तुळशीला दिली. राजाच्या हत्तीला दिली. वेशीवरच्या कावळ्यालासुद्धा दिली. कावळ्याच्या शेजारीच होता रिकाम्या खोक्यांचा ढीग. त्याला काही दिली नाही. ढिगाला कोण आमंत्रण देतं, बाळांनो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ढीग उठून उभा राहिला! तेलाच्या डब्यांचे पाय, साबणाच्या खोक्यांचं पोट, पत्र्याचं डोकं. खडखड खडखड चालत गेला नि ओढ्यावरच्या साकवावर ठाण मांडून बसला. इकडचं कुणी तिकडे जाईना, तिकडचं कुणी इकडे येईना. लोक घाबरले. त्यांनी त्याचं नाव ठेवलं खोकोबा.

मग राजाने शिपाई पाठवले. शिपायांनी काठ्या हाणल्या. काठी बसली की खोकं चेपायचं, काठी उचलली की फट्‌कन फुगायचं. शिपायांचे हात भरून आले. ते गेले परत.

मग राजाने हत्ती पाठवला. हत्तीने सोंड घातली, तर सोंडच डब्यात अडकली. हत्ती टणटण टणटण डबा वाजवत थेट हत्तीखान्यात पळाला.

मग राजा स्वतः आला. तलवार उपसून म्हणाला, "कोण रे तू? ऊठ म्हणतो ना!" खोकोबाने नुसता सुस्कारा टाकला. साबणाच्या खोक्यांत जो चुरा उरला होता तो सगळा उडाला नि राजा पडला ओढ्यात. केवढा फेस झाला म्हणता! राजाच्या मिशा कुठे नि फेस कुठे, कळेना. प्रधानजी म्हणाले, "महाराज, आलाच आहात तर पाठही चोळून घ्या."

तोवर ऊन कललं. पलीकडून अंबू हाका मारायला लागली, "येसूऽ, मुहूर्त टळतोय गं! आईने गाडीत भांडीसुद्धा भरली!"

येसूला रडू फुटलं. रडता रडता तिने खोकोबाकडे नीट पाहिलं. त्याने गावाकडे पाठ केली होती. गाल फुगवले होते. बोटाने फळीवर रेघोट्या ओढत होता. अगं बाई! अशी पाठ तर कोंडूआत्याची! दर लग्नात आत्या अशीच बसायची, अशाच रेघोट्या ओढायची. हा कसला राक्षस? हा तर रुसलाय!

आता, रुसलेल्या माणसाला नुसतं 'या' म्हणून चालत नाही, बरं का. त्याला मानाचं काम सांगावं लागतं. येसूने डोळे पुसले नि सरळ त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मामा, इथे काय बसलात?"

"कोण मामा? कुणाचा मामा?" खोकोबा घुश्शात म्हणाला. "कावळ्याला आमंत्रण, हत्तीला आमंत्रण. आम्ही कोण? आम्ही आपले रिकामे."

"आमंत्रण राहिलं, चुकलंच माझं. पण नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. माझ्या बाहुलीला मामा नाही. तिकडे मुहूर्त टळतोय नि तुम्ही बसा गाल फुगवून!"

खोकोबाचे गाल फुस्‌कन बसले. "मी... मामा?" तो म्हणाला. "अगं, मग आहेर नको का करायला?"

त्याने छातीतून चहाच्या पुड्याचा चंदेरी कागद काढून दिला. येसूने त्याला बारीक निऱ्या घातल्या. बाहुलीला शालू झाला! मग त्याने पोटातलं साबणाचं खोकं दिलं. येसूने त्याला दोन काड्या ओवल्या. पालखी झाली! मग त्याने काडेपेटी दिली नि बाटल्यांची चार बुचं दिली. बुचांची चाकं लावली. गाडी झाली!

ते बघून गावची पोरं धावली. "मामा, मला मुकुट!" "मामा, मला ताशा!" "मामा, मला मोर करायचाय!" कुणी कात्री आणली, कुणी खळ आणली. मामा देतोय, पोरं करतायत. मामा देत गेला नि लहान होत गेला. डोंगराएवढा होता, तो घराएवढा झाला, मग माणसाएवढा झाला.

येसू म्हणाली, "मामा, पुरे. अशाने तुम्ही संपाल."

"वेडे, देऊन मामा संपतो होय?" असं म्हणून त्याने उरलंसुरलं देऊन टाकलं. राहिला तो एवढासा, हातभर. पण रुबाब काय विचारता! नवरीला दोन्ही हातांवर घेतलं नि मोकळ्या साकवावरून वाजतगाजत निघाला.

मग गोरज मुहूर्त गाठला. प्रधानजींनी रुमालाचा अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. राजाने ओल्या कपड्यांनीच डबा बडवला. असा बडवला की शेवटी पोरांनी हातातून काढून घेतला. लग्न लागलं. येसू नि अंबू विहिणी झाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. अंबू म्हणाली, "येते हं, विहीणबाई."

"या. दिवाळसणाला जावयाला घेऊन या. मानपानात काही कमी पडलं तर रुसेन हं मी."

"रुसा की," अंबू म्हणाली नि दोघी रडता रडता हसल्या.

तेवढ्यात एवढासा मामा टुणकन गाडीत चढला. "नवरी सासरी एकटी कशी जाईल? पाठराखण नको?" नवरा-नवरीच्या मध्ये जाऊन ऐटीत बसला.

मग गाडी गावोगाव गेली. ज्या गावी जावं तिथे मामाने रिकामी खोकी गोळा करावी, गलेलठ्ठ व्हावं, नि पोरांना वाटून पुन्हा हातभर व्हावं. आणि दिवाळी आली तशी अंबूही आली. यावंच लागलं तिला. विहीण ना ती!

असे ते सगळे आनंदात राहिले, तसे तुम्ही राहा. आता गोष्ट निजली, तुम्हीही निजा. आणि ती तेलाची बाटली कुणी पांघरुणात घेतलीय? असू दे, असू दे. उद्या तिचं काय करायचं ते सकाळी सांगा.