शेपट्याची उंच कणगी

उंदीर अजून चोऱ्या करायला शिकले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. थंडी तोंडावर आली होती. घूसबाईंनी सगळ्या पिल्लांना एकेक लांबट गवती चटई दिली आणि म्हणाल्या, "गुंडाळा, बांधा, उभी करा. ज्याच्या कणगीत जेवढी ज्वारी मावेल, तेवढी त्याची."

शेपट्याने उंच, ऐटदार कणगी उभारली. शेजारच्या गुंजीची मात्र बुटकी आणि ढेरपोटी. पण शेपट्याची काठोकाठ भरली, तरी गुंजीची कणगी ज्वारी गिळतच होती!

शेपट्याच्या मिशा थरथरल्या. 'बाईंनी तोंड बघून चटया वाटल्या. नाहीतर हिने खाली बीळ तरी पोखरलंय.'

गुंजी पाणी प्यायला गेली, तशी त्याने तिची कणगी सोडली. ज्वारी भसाभस सांडली. खाली बीळ नव्हतं. त्याने आपलीही कणगी उलगडून चटईवर चटई ठेवली. काडीचाही फरक नाही!

"काय शोधतोस रे?" मागून घूसबाईंनी विचारलं.

"हिच्या चटईत काहीतरी काळंबेरं आहे!"

"मग तिची तू घे, तुझी तिला दे."

शेपट्याने झडप घालून चटई घेतली आणि पहिल्यासारखीच उंच गुंडाळली. ज्वारी तेवढीच मावली. परतलेल्या गुंजीने त्याची चटई आडवी धरून बुटकी कणगी बांधली. सांडलेली सगळी ज्वारी त्या कणगीने पोटात घेतली.

शेपट्याने बाईंकडे रोखून पाहिलं, गुंजीकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ तो आपल्याच कणगीकडे संशयाने बघत राहिला, आणि हळूच त्याने स्वतःच्या कणगीची गाठ सोडली.