शहाणं बाळ

"कालपासून लंगोट किती ओले झाले?"

गोदाक्कांनी बाळंतिणीच्या खाटेशी बसत विचारलं. मृणालनं ते मोजलंच नव्हतं. नर्सिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन ती गोदाक्कांच्या हाताखाली शिकायला आली होती. अक्कांनी चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं केली होती.

मृणाल तर कौतुक सांगत होती. सुगंधाचं बाळ चार दिवसांचं. आईच्या दुधाशिवाय थेंबही द्यायचा नाही, हे तिनं घरच्यांना पक्कं बजावलं होतं. बाळ इतकं शहाणं की रडतच नव्हतं, नुसतं झोपून होतं.

सुगंधाच्या सासूबाई चाचरत म्हणाल्या, "एकच ओला झाला. त्यावर विटकरी डाग होता."

अक्कांनी बाळाच्या तोंडात बोट घातलं. तोंड कोरडं होतं. त्यांनी सुगंधाला बाळ छातीशी धरायला लावलं आणि कान जवळ नेला. ओठ हलत होते, पण घोट उतरल्याचा आवाज येईना.

"रिक्षा बोलाव."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं होतं. वेळेत आणलंत, म्हणाले. सलाईन लागलं. संध्याकाळी वाटी-चमच्यानं डब्याचं दूध पाजायला सांगितलं.

सुगंधा भिंतीकडे तोंड करून रडत होती. "मीच कमी पडले, अक्का."

अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "दूध कमी पडलंय, पोरी. तू नाही. येईल तसं पाजत राहा, तोवर हे देऊ."

मग त्यांनी वाटी मृणालच्या हातात दिली.

मृणालनं वाटीकडे पाहिलं. याच दुधाला तिनं घरोघर नाही म्हटलं होतं... तिनं चमचा बाळाच्या ओठांना लावला. घोट उतरला. मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळानं असा टाहो फोडला, की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली. सुगंधा रडता रडता हसली.

मृणाल अक्कांच्या पायाशी बसली.

"माझं शिक्षण चुकलं का, अक्का?"

"नाही गं."

"मग मला कळलं कसं नाही?"

अक्कांनी तिचा गाल कुरवाळला.

"रडणाऱ्याचं कुणीही ऐकतं, बाळ. जे रडत नाही, त्याचं आधी ऐकायचं."