बटू सरड्याचा फुगा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे! आपला बटू सरडा होता एवढुसा, पण त्याच्याकडे होती सायकल.

एकदा काय झालं, बटूचा लाल फुगा सुटला. भुर्रर्र! गेला थेट टेकडीच्या माथ्यावर आणि बसला पिवळ्या फुलांत. बटूला रडूच आलं. एकुलता एक फुगा तो!

बटू सायकलवर बसला. कुंई कुंई, कुंई कुंई. चढ आला. सायकल मागे आली, सर्रर्र! पुन्हा बसला, पुन्हा सर्रर्र! आता काय करावं बाई?

पायथ्याशी शेळीमावशी चरत होती. बटू म्हणाला,
"फुगा अडकला माथ्यावर,
सायकल चढेना चढावर.
ढकल ना, मावशी!"
शेळी म्हणाली, "बोरीने पाला दिला, तर ढकलीन."

बटू निघाला बोरीला विचारायला. सपाटी आली, बसला. कुंई कुंई. चढ आला, उतरला. सायकल हाताशी, तुरुतुरु. हे काही चढणं नव्हे हं! हे नुसतं विचारायला जाणं.

बटू म्हणाला,
"फुगा अडकला माथ्यावर,
सायकल चढेना चढावर.
शेळी म्हणते पाला हवा.
दे ना, बोरीबाई!"
बोर म्हणाली, "वानराने फांदी हलवली, तर देईन."

वानर आणखी वर. सपाटी आली, बसला. कुंई कुंई. चढ आला, उतरला. तुरुतुरु.

वानरदादा खडकावर घोरत होता. बटू म्हणाला,
"फुगा अडकला माथ्यावर,
सायकल चढेना चढावर.
शेळी म्हणते पाला हवा.
बोर म्हणते वानर हवा.
हलव ना, वानरदादा!"
वानर म्हणाला, "मधमाशी कानाशी गुणगुणली, तर उठीन." आणि पुन्हा घुर्रर्र!

मधमाशी त्याच्याही वर. सपाटी आली, बसला. कुंई कुंई. चढ आला, उतरला. तुरुतुरु. धापा टाकत बटू म्हणाला,
"फुगा अडकला माथ्यावर,
सायकल चढेना चढावर.
शेळी म्हणते पाला हवा.
बोर म्हणते वानर हवा.
वानर म्हणतो गुणगुण हवी.
गुणगुण ना, माशीताई!"
माशी म्हणाली, "माझ्या फुलांवर फुगा बसलाय. तो उचललास, तर गुणगुणीन."

झाली का पंचाईत! फुगा उचलायचा तर टेकडी चढायला हवी. टेकडी चढायची तर शेळी हवी. शेळीला पाला, पाल्याला वानर, वानराला गुणगुण आणि गुणगुणीला फुगा! बटूचं डोकं गरगर गरगर.

"अरे बाळा, तू उभा कुठे आहेस?" माशीने विचारलं.

बटूने खाली पाहिलं. सगळी टेकडी खाली. वर पाहिलं. नुसतं आभाळ. समोर पाहिलं. लाल लाल फुगा!

बटूने फुगा उचलला. माशी गुणगुणली, गुं गुं. वानर उठला, हुप्प. फांदी हलली, सळसळ. पाला पडला, टपटप. शेळीने खाल्ला, कुरुकुरु. आणि आली की धावत वर! "बस रे बटू, ढकलते आता."

कुठे ढकलणार? वर टेकडीच उरली नव्हती. शेळी बघे बटूकडे, बटू बघे शेळीकडे.

मग बटूने फुगा शेपटीला बांधला आणि सायकलवर बसून उताराने सुसाट घरी आला. आई म्हणाली, "एवढी मोठी टेकडी कशी रे चढलास?"

"चढलो कुठे गं?" बटू म्हणाला. "मी तर नुसता विचारायला गेलो होतो."