टिटवीचं वजन

गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, आता गुमान ऐका. फार मागं माळावर पोपट प्रत्येकाचं वजन ठरवायचा. ज्याच्या बोलण्यावर जास्त सरडे मान हलवतील, त्याचं वजन जास्त. सरडे काय, वाऱ्यालाही मान हलवतात. पोपटाचं वजन नव्वद, टिटवीचं दोन.

एकदा म्हशींचा कळप टिटवीच्या अंड्यांवर चालून आला. टिटवी पंख पसरून आडवी उभी राहिली आणि ओरडू लागली.

पोपट म्हणाला, "दोन वजनात कळप अडवतेस होय? आधी सरडे जमव."

"तूच जमव. मी हटत नाही."

पुढची म्हैस थबकली. "बाजूनं चला गं, बाईची अंडी आहेत."

कळप वळला. म्हशींना वजनाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

लाइक मोजून माझ्या मोबाइलवरच्या लिखाणाचं वजन शून्य काढणारा आपल्या गल्लीतला जालिंदर शेवाळे अजून माफी मागायला आलेला नाही.