मडक्यावरचे तपोवन

फार जुन्या काळी उत्पलनगरात सुबाहू नावाचा राजा होता. त्याच्या पदरी बोधिसत्त्व अमात्य होऊन राहिला होता आणि नगराच्या बाजारावर देखरेख ठेवणे हे त्याचे काम होते. माणूस मुळातच सावध. धान्यात खडे, दुधात पाणी, हळदीत पिवळी माती रोज पाहून पाहून त्याचा स्वभावच तसा झाला होता. जेवायला बसला तरी पहिला घास नाकाजवळ नेऊन मगच तोंडात घाली. त्याची पत्नी सोमा म्हणे, "अहो, भात मी शिजवला आहे. त्यालाही साक्षीदार लागतात का?"

त्याच सुमारास नगरात तपोवनाच्या तुपाचा बोलबाला झाला. पिंगल नावाच्या श्रेष्ठीच्या पेढीवर ही मडकी मिळत. मडक्यावर गेरूने रंगवलेले सुरेख चित्र होते. वडाखाली दाढीवाला तापस बसलेला, शेजारी पुष्ट गाय, तिच्या कासेशी वासरू. खाली ठळक अक्षरे, 'तपोवन घृत'. रस्त्यावरच्या भोजनगृहांतून पोरे ओरडत, "तपोवनाच्या तुपातले मांडे घ्या!" लोक दुप्पट मोल देऊन खात आणि तृप्त होऊन जात.

बोधिसत्त्वाला एवढे एकच कळेना. तपोवनात गाई तरी किती असाव्यात?

एके दिवशी तो कोष्ट्यांच्या आळीतून जात होता. देवल नावाच्या कोष्ट्याची बायको कनका नुकतीच बाळंत झाली होती. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती. गाल बसलेले, मांडीवरचे मूल रडायचेही विसरलेले.

"वैद्यांनी काय सांगितले?" बोधिसत्त्वाने विचारले.

"तुपावर ठेवा म्हणाले," देवल म्हणाला. "घरात दुसरे काही आणत नाही, महाराज. जे मिळते ते या मडक्यात जाते. तपोवनाचेच देतो तिला."

बोधिसत्त्वाने मडके हातात घेतले. तोंडाला बांधलेली सुतळी त्याने सोडली, तेव्हा तिच्याखाली दडलेली दोन बारीक अक्षरे दिसली. 'घृत' या शब्दाला चिकटून, पण मुंगीएवढी. 'सम'.

घृतसम. तुपासारखे.

दुसऱ्या दिवशी तो नदीपलीकडच्या तपोवनात गेला. तिथे गळक्या पर्णकुटीत एक म्हातारा तापस कंद सोलत बसला होता.

"भगवन्, आपल्या गाई कुठे आहेत?"

तापस हसला. "गाई? इथे बिबट्या फिरतो, बाळा. माझी शेळीसुद्धा टिकली नाही."

"मग मडक्यांवर आपले चित्र कसे?"

"एक श्रेष्ठी आला होता. चित्र काढू का, म्हणाला. काढ म्हटले. जाताना छप्पर शाकारून देतो म्हणाला होता, ते मात्र राहिले." मग सुरी खाली ठेवून त्याने विचारले, "का रे? माझ्या चित्राने कुणाचे काही बिघडले का?"

या प्रश्नाचे उत्तर देणे बोधिसत्त्वाच्या जिवावर आले. तरी त्याने कनकाची हकीगत सांगितली. तापसाने पुढे कंद सोलला नाही.

परतताना बोधिसत्त्व मुद्दाम पिंगलच्या वाड्यामागच्या गल्लीने आला. परसदारी एक गवळण लोटके घेऊन उभी होती.

"कुणासाठी ग बाई?"

"श्रेष्ठींच्या सूनबाईंसाठी. बाळंतीण आहेत ना. ताजे कढवलेले रोज आणून देते."

बोधिसत्त्वाने तिच्याकडून लोटकाभर तूप विकत घेतले आणि घरी गेला.

दोन दिवसांनी अमात्याच्या सांगण्यावरून राजाने पिंगलला सभेत बोलावले. श्रेष्ठी अंगावर शुभ्र उत्तरीय घेऊन आला, हात जोडून म्हणाला, "महाराज, मडक्यावर एक तरी अक्षर खोटे असेल तर दाखवा. घृतसम लिहिले आहे, घृतसमच विकतो. चित्र तर शोभेचे असते. लोक नीट वाचत नाहीत, त्याला मी काय करू?"

राजा विचारात पडला. "अमात्य, हा म्हणतो त्यात खोटे काय आहे?"

बोधिसत्त्व पिंगलकडे वळला. "खोटे काहीच नाही. असो. श्रेष्ठी, तुमच्या घरी नातू झाला, अभिनंदन. आज सकाळी सोमाने तुमच्या सुनेसाठी भेट पाठवली आहे. चोळी, खारका आणि तपोवनाचे चित्र असलेले एक मडके. पहिला घास त्याच तुपाचा भरवा, असा निरोपही दिला आहे."

पिंगल दाराकडे धावला, भालदारांनी अडवले तसा ओरडला, "सोडा मला! कच्ची बाळंतीण आहे ती! तिला ते देऊ नका!"

"का?" राजाने विचारले. "तुमचेच ना?"

श्रेष्ठी मटकन खाली बसला. "करडईचे तेल आहे त्यात, महाराज. आणि मेलेल्या जनावरांची चरबी."

बोधिसत्त्वाने जवळ जाऊन त्याला उठवले.

"घाबरू नका. मडके तुमचे, पण आत तुमच्याच गवळणीचे तूप आहे. मीही एक अक्षर खोटे बोललो नाही, श्रेष्ठी. तरी मी तुम्हाला फसवलेच, आणि क्षणभर तुमच्या काळजाचे पाणी केले. त्याबद्दल मला क्षमा करा. देवल कोष्ट्याच्या घरी मात्र 'तिला ते देऊ नका' असे कुणी सांगायला गेले नव्हते."

पिंगल ओक्साबोक्शी रडला. राजाने त्याचे हात तोडण्याची आज्ञा दिली, तेव्हा बोधिसत्त्व आडवा आला. "महाराज, हे हात राहू द्या. याच हातांनी कनकाच्या घरी रोज तूप पोचू दे."

राजाने ते मानले. पिंगलने सारी मडकी फोडली आणि नवी घडवली. त्यांवर तेलाला तेल आणि चरबीला चरबी असे ठळक लिहिले. लोकांनी ते दिव्यांसाठी घेतले. कनका हळूहळू सावरली. मूल रडू लागले, तेव्हा सारी आळी हसली. पण नगरातला संशय लवकर निवला नाही. कित्येक वर्षे लोक खऱ्या तुपाचेही झाकण उघडून वास घेत, आणि ती गवळण म्हणे, "माझे काय चुकले ग बाई?" बोधिसत्त्व मात्र तिच्याकडचे तूप वास न घेता विकत घेई.

ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा तो म्हातारा तापस म्हणजे आज विहाराचे अंगण झाडणारा वृद्ध स्थविर भिक्षू. कनका म्हणजे पाणवठ्याजवळची उपासिका. अमात्य मी स्वतः होतो. आणि पिंगल श्रेष्ठी म्हणजे गावातला तो उपासक, जो भिक्षापात्रात वाढताना सांगतो, 'भंते, भाजी आजची आहे, भात कालचा आहे.' भिक्षूंनो, नुसते खोटे न बोलणे म्हणजे सत्य नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनातही खोटे राहू न देणे, हीच सत्याची पूर्णता, सत्यपारमिता."