डोंगर चढणारी शिदोरी

डोंगराखालच्या वाडीत रायाजी गुऱ्हाळवाला राहत असे. गुळाची चव बघता बघता त्याचं पोट इतकं वाढलं, की ते ओसरीवर आलं की लोक म्हणत, "रायाजी आला," आणि खुद्द रायाजी अजून माजघरातच असे.

वाडीच्या जत्रेत देवीची उंच काठी डोंगरावरच्या देवळात न्यायचा मान रायाजीच्या घराचा. अट एकच. वाटेत काठी जमिनीला टेकवायची नाही. टेकली, की मान भावकीतल्या दुसऱ्या घरात. गेल्या जत्रेत रायाजी देवळाशी असा धापा टाकत पोचला, की काठीची निशाणं त्याच्याच श्वासानं फडफडत होती.

चुलतभाऊ म्हंकाजी मिशीत हसला. "दादा, पुढच्या वर्षी काठी आम्ही नेतो. तुम्ही पोट सांभाळा!"

रायाजीला ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी तालमीत जाऊन त्यानं वर्षभराच्या जोरबैठका एका सकाळीत उरकल्या. मग आठवडाभर अंगाला हळद फासून पडून राहिला. उठला तो रोजचा उपास धरूनच. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, त्यावर तुपातला रताळ्याचा कीस, त्यावर दाण्याचे लाडू. महिन्याभरात कंबरेचा करगोटा तटकन तुटला.

"ठकू, देवी माझ्यावर रुसली गं!"

"रुसेल नाहीतर काय?" बायको म्हणाली. "तिच्या नावाची सगळी खिचडी तुमच्याच पोटात जाते."

दुसऱ्या दिवशी रायाजी पाटावर बसला, तर पुढ्यात ताट नाही.

"अगं, जेवण?"

"वाडीबाहेर चिंचेखाली ठेवलंय. उठा लवकर, माकडं आलीत!"

रायाजी पळाला असं काही म्हणवत नाही. पण डुलत डुलत पोचला खरा. फडक्यात भाकरी, मेथीची भाजी आणि शेजारी ताकाचा तांब्या. भूक अशी कडाडून लागली होती, की भाकरीच गुळासारखी लागली.

काही दिवसांनी शिदोरी ओढ्यापलीकडे गेली. मग डोंगराच्या पहिल्या वळणावर.

"ही शिदोरी आहे का घोरपड? रोज वर चढते!"

"बोलू नका, चला," शिदोरी घेऊन पुढे चाललेली ठकूबाई म्हणाली. "भाकरी निवतेय."

सणाला फडक्यातून पुरणपोळीही निघे. रायाजी ती मिटक्या मारत खाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरीमागे चढू लागे. जत्रा तोंडावर आली, तेव्हा दोघं देवळाच्या पायरीवर बसून जेवत होती.

जत्रेच्या दिवशी रायाजीनं काठी उचलली. मधल्या उभ्या चढावर वारा सुटला आणि काठी डुलली.

"टेकवा दादा, टेकवा," म्हंकाजी मागून कुजबुजला.

पण जेवणाची वेळ झाली होती आणि रायाजीच्या पायांना ती ठाऊक होती. ते थांबेचनात! काठी न टेकता थेट देवळात पोचली. टोकाला ढगाचा एक तुकडा अडकला होता, तो म्हणे पुजाऱ्यानं झटकून टाकला.

"राखलात मान," म्हंकाजी म्हणाला. "आता उद्यापासून घरी बसून जेवा."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं खरंच घरात पाट मांडला. रायाजीनं पाटाकडे पाहिलं, भाकरी फडक्यात बांधली आणि चपला पायात सरकवल्या.

"चल की! इथं बसून घास उतरतो होय?"

दारात म्हंकाजी उभा होता, स्वतःच्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवत. "दादा, मीही येऊ?"

"ये की. पण तुझी भाकरी तू उचल!"

तात्पर्य: एका सकाळीत उरकलेला व्यायाम आणि खिचडी-लाडवांचा उपास कामी येत नाही. रोज थोडं चालावं, साधं जेवावं आणि त्याची गोडी लागेपर्यंत धीर धरावा. मग पाय आपणहून वाट धरतात.